तुमची झोप, माझी झोप

झिंबाब्वेतील शोना भाषिकांच्या घरी सकाळी कोणी ‘मरारा हेरे?’, म्हणजे झोप लागली ना, असे आदरार्थी बहुवचनात विचारले, की ‘न्दरारा काना मरारावो’ असे उत्तर येते. आपणांस झोप लागली असेल तर मलाही लागली, असा त्याचा अर्थ. आपल्या जुन्या पत्रांत येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे, असा प्रघात असे, त्यात दोघांचे कुशल शेजारी शेजारी बसते. शोनाच्या उत्तरात मात्र एकाचे कुशल दुसऱ्याच्या कुशलावाचून सिद्धच होत नाही, आणि आपण तत्त्वज्ञान सांगत आहोत याची बोलणाऱ्याला जाणीवही नसते.

ज्ञानाचा पाया शोधीत फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त एका उबदार खोलीत एकटाच बसला आणि 1637 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, सर्व जगाविषयी संशय घेऊन, स्वतःचे विचार करणे तेवढे त्याने निःसंशय ठरविले. नायजेरियाचे तत्त्वज्ञ इफेआनी मेंकिटी यांनी 1984 साली मांडलेला विचार याच्या अगदी उलट टोकाचा आहे: माणूसपण जन्मतः हाती पडत नाही, चार माणसांत राहून, कर्तव्ये पार पाडीत, ते हळूहळू मिळवावे लागते, आणि त्यात अपयशही येऊ शकते. घानाचे क्वामे जेकये यांना हे मत अतिरेकी वाटले, कारण समाजाने घडविलेल्या माणसालाही त्या समाजाला नकार देण्याची बुद्धी आणि हक्क असतात. जातपंचायतीचा जाच ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना हा आक्षेप तात्काळ पटेल, आणि मलाही तो पटतो. एवढे मान्य करूनही त्या सकाळच्या उत्तरातील सत्य मला सोडवत नाही.

एकाचे माणूसपण दुसऱ्याच्या माणूसपणाशी जोडणाऱ्या, दक्षिण आफ्रिकेत ‘उबुंटू’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या विचाराची कसोटी लागली ती 6 जून 1995 रोजी. त्या दिवशी संविधान न्यायालयाच्या अकराही न्यायाधीशांनी एकमताने फाशीची शिक्षा रद्द केली. ‘उबुंटू’ या शब्दाला 1993 च्या हंगामी संविधानाच्या उपसंहारात जागा मिळालेली होती. तो आधाराला घेऊन, त्या न्यायालयातील पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री-न्यायाधीश इव्होन मोकगोरो यांनी जीवित आणि प्रतिष्ठा ही परस्परांपासून तोडता येत नाहीत, असे आपल्या स्वतंत्र निवाड्यात प्रतिपादन केले. ज्यांना वर्णद्वेषी राजवटीने माणसांत गणले नव्हते, त्यांच्याच भाषांतील शब्दाने खुनी मनुष्यालाही माणसांत ठेवले, याहून मोठे औदार्य मला कोणत्याही कायद्याच्या इतिहासात आढळत नाही.

1996 च्या अंतिम संविधानात हा शब्द ठेवण्यात आला नाही. तेथील न्यायाधीश मात्र आपल्या निवाड्यांत त्याचा दाखला पुढेही देत आले आहेत.