जुनी अल्टो, खारं पाणी आणि भंगाराची घाई

मलकापूर असो की मेहकर, गॅरेजपुढे चार माणसं जमली की जुन्या गाडीचा निकाल लगेच लागतो. "पंधरा वर्षं झाली ना? द्या मग भंगारात." मारुती ८००, अल्टो, सँट्रो, इंडिका, सगळ्यांना एकच शिक्षा. बुलडाणा जिल्ह्यात एमएच-२८ पाटीच्या अशा कितीतरी गाड्या आजही बाजार, दवाखाना आणि शेगावची वारी सांभाळतात. म्हणून हा निकाल तपासून पाहिला पाहिजे.

पहिला मुद्दा कायद्याचा, आणि तो साफ चुकीचा आहे. टीव्हीवर ज्या वयाच्या बंदीच्या बातम्या येतात, ती दिल्ली आणि राजधानी परिसराची. महाराष्ट्रात खासगी गाडीची १५ वर्षांची नोंदणी संपली की आरटीओत तपासणी होते, पर्यावरण कर भरावा लागतो आणि पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणी मिळते. नूतनीकरणाचं शुल्क मात्र १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झालं. २० वर्षांपुढच्या कारला २०२५ पासून १०,००० लागतात. खर्च वाढला हे खरं, पण गाडी बाद झाली हे खोटं.

दुसरा आक्षेप असा की जुनी गाडी पैसे खाते. खाते, पण कशामुळे?

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या भागांतून जातो. इथल्या बोअरचं पाणी माणसाला पिववत नाही, तेच लोक बिनदिक्कत रेडिएटरमध्ये ओततात. इंजिन थंड असताना झाकण उघडून बोट घातलं, तर गढूळ चहासारखा तांबूस चिखल हाताला लागतो. नळ्यांच्या तोंडाशी पांढरा क्षार साचलेला असतो. एप्रिलमध्ये पारा ४२-४३ च्या पुढे गेला की काटा लाल रेघेकडे सरकतो. मग कुणीतरी शहाणा "थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी थंड राहील" म्हणून सांगतो. हा सल्ला तर सर्वांत घातक. थर्मोस्टॅट काढला की इंजिन तापायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जळतं, झीज वाढते, आणि रेडिएटर चोंदलेला तो चोंदलेलाच राहतो. शेवटी हेड गॅसकेट उडतं. तीन-चारशे रुपयांचं कूलंट वाचवलं आणि हेड उतरवून फेसिंग करायला पाच-सात हजार मोजले. यात गाडीच्या वयाचा काय दोष?

क्लचचंही तसंच. राजूर घाटात किंवा बोथ्याच्या चढावर ट्रकमागे अडकल्यावर दुसऱ्या गिअरमध्ये हाफ क्लचवर गाडी रेटायची सवय अनेकांना आहे. प्लेट जळाल्याचा वास येतो, तेव्हा नाव गाडीला ठेवलं जातं. अल्टोचा पूर्ण क्लच सेट बाहेरच्या गॅरेजमध्ये मजुरीसह चार-पाच हजारांत बसतो. ७९६ सीसी इंजिनचा टायमिंग बेल्ट साधारण लाखभर किलोमीटरला बदलायचा असतो. दोन-अडीच हजारांचं काम. तो वाटेत तुटला आणि व्हॉल्व्ह वाकले, तर मात्र बिल कितीतरी पटींनी वाढतं.

आता हिशेब मांडू. क्लच ५,०००, बेल्ट अडीच हजार, नवा रेडिएटर ४,०००, पुढचं सस्पेन्शन ५,०००, बॅटरी ४,०००, चार टायर १२,०००. सगळं एकाच वर्षी निघालं, आणि तसं क्वचितच निघतं, तरी साडेबत्तीस हजार. नव्या छोट्या गाडीसाठी पाच लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं तर हप्ता साडेदहा हजारांचा. म्हणजे वर्षभराची सारी दुरुस्ती जेमतेम तीन हप्त्यांची. सोयाबीनच्या भावावर घर चालणाऱ्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

एक आक्षेप मात्र मान्यच केला पाहिजे, तो सुरक्षिततेचा. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत एअरबॅग नसलेल्या अल्टो ८०० ला प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. जुन्या अल्टोकडून अधिकची अपेक्षा ठेवता येत नाही. मेहकर किंवा सिंदखेडराजाजवळून समृद्धी महामार्गावर चढून अशा गाडीत १२० चा वेग धरणं म्हणजे घरच्यांचा जीव टांगणीला लावणं आहे. तिनं तालुक्याच्या रस्त्यावर साठच्या आत चालावं. तिथं मोटारसायकलवर चौघं बसण्यापेक्षा ती शंभर पटींनी बरी.

आणि खालचा पत्रा गंजून पायाखालचा रस्ता दिसू लागला असेल, तर मोह सोडावा. तिथं कुठलीच दुरुस्ती टिकत नाही.

बाकीच्यांनी भंगारवाल्याला फोन करण्याआधी उन्हाळ्याच्या तोंडावर तीन गोष्टी पाहाव्यात. गाडी थंड असताना रेडिएटरमधल्या पाण्याचा रंग, बेल्ट शेवटचा कधी बदलला त्याची तारीख, आणि टायरच्या कडेवरचा चार आकडी शिक्का. शिक्क्यातले शेवटचे दोन आकडे टायरचं वर्ष सांगतात.