पाऱ्याचा थेंब आणि आपलें कर्तव्य

थर्मामीटर फुटला, म्हणजे फरशीवर पळणारे पाऱ्याचे मणी पाहून मुलांस मोठी मौज वाटते. आणि मग तो पारा नालींत लोटला जातो. माती व पाणी सर्व कांहीं पोटांत घालतात, असा आपला समज असतो. हा समज घातक आहे, असें आमचें मत आहे.

पारा हें मूलद्रव्य होय. त्याचें रूप पालटतें, पण नाश होत नाहीं. डोहाच्या तळच्या प्राणवायुहीन गाळांत राहणारे कांहीं जीवाणू त्याचा विषारी मिथिल पारा करितात, हें १९६९ सालीं स्वीडनमधील शास्त्रज्ञांनीं दाखविलें. हें विष लहान माशांतून मोठ्या माशांत सांचत जाऊन अखेर मनुष्याच्या ताटांत येतें आणि गर्भांतील बालकाच्या मेंदूसही इजा करितें.

उलटपक्षीं, दुसरे कांहीं जीवाणू तें विष फोडून पाऱ्याची वाफ करितात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेंतील संशोधकांनीं आपल्या किनाऱ्यावरील अशा जीवाणूंचा अभ्यास केला आहे. परंतु ती वाफही कालांतरानें पावसाबरोबर खालीं येते.

दगडी कोळशांतही थोडा पारा असतो, आणि आमच्या शेजारीं चंद्रपुरास कोळसा जाळूनच वीज होते. तेव्हां निष्कारण जळणारा दिवा मालविणें हेंही आपलें कर्तव्यच होय. सांडलेला पारा केरसुणीनें झाडूं नये. खिडक्या उघडून, हात न लावतां, वडील माणसांनीं तो जाड कागदानें गोळा करून बाटलींत बंद करावा व घातक कचरा म्हणून वेगळा द्यावा.

आपण सांडलेलें आपणच उचलावें. धाम नदीच्या खालच्या अंगास जो मासे धरतो, त्याच्या मुलांच्या ताटांत तें जाऊं नये.