सूर्याच्या व्यासाचा ताळा

१६ फेब्रुवारी १९८० च्या सूर्यग्रहणाच्या दुपारी आम्ही वडीलधाऱ्यांच्या आज्ञेने दारे-खिडक्या लावून घरात बसलो होतो. मी तेव्हा वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. नेमक्या त्याच काळात खगोलशास्त्रज्ञांमध्ये एक निराळाच वाद रंगला होता, हे मला पुष्कळ उशिरा कळले. वाद असा, की सूर्य आक्रसतो आहे काय?

१९७९ मध्ये जॅक एडी व अराम बूरनाझियन यांनी इंग्लंडमधील ग्रिनिच वेधशाळेच्या १८३६ ते १९५३ या काळातील नोंदी अभ्यासून सांगितले, की सूर्याचा व्यास शतकास सुमारे एक दशांश टक्क्याने घटत आहे. दर क्षुल्लक भासतो; परंतु मुद्दल सुमारे १३,९२,००० किलोमीटरचे! म्हणजे तासाला दीड मीटरहून अधिक घट. सरळव्याजाने मोजले तर लाखभर वर्षांत खाते बंद. त्या सुमारास सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो कण अपेक्षेच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याने सापडत होते. त्यामुळे सूर्याची ऊर्जा अणुसंमीलनाऐवजी काही अंशी आकुंचनातून येत असावी, ही शंका अगदीच अनाठायी नव्हती.

बँकेत शिल्लक जुळेना, की आम्ही प्रथम दुसरी वही उघडत असू. आयर्विन शापिरो यांनी १९८० मध्ये तेच केले. बुध सूर्यबिंबावरून सरकतो त्यास अधिक्रमण म्हणतात. बिंब ओलांडण्यास लागलेल्या वेळावरून सूर्याचा व्यास काढता येतो. १७३६ ते १९७३ मधील २३ अधिक्रमणे तपासता, घट असलीच तर एडींच्या आकड्याच्या सहाव्या हिश्श्याहूनही कमी ठरली. ग्रिनिचला तारेवरून सूर्याची कड सरकण्याचा क्षण टिपला जाई. शतकभरात तो टिपणारे निरीक्षक बदलले, साधने बदलली. चूक सूर्याची नव्हती, नोंदीची होती. न्यूट्रिनोंचे कोडेही पुढे सुटले. ते वाटेत आपला प्रकार बदलतात, आणि जुन्या उपकरणास एकच प्रकार दिसत असे.

वस्तुतः अब्जावधी वर्षांच्या मापाने सूर्य किंचित फुगतोच आहे. गाभ्यातील हायड्रोजनचे हेलियम होते, गाभा आकसून अधिक तापतो आणि बाहेरचे थर पसरतात. २००३ व २००६ च्या अधिक्रमणांवरून सोहो यानाने त्रिज्या ६,९६,३४२ किलोमीटर मोजली. अनिश्चितता अवघी ६५ किलोमीटरची.

९ मे २०१६ च्या सायंकाळी बुध पुन्हा सूर्यासमोर आला, तेव्हा मात्र मी घरात बसलो नाही. हौशी मंडळींनी गाळणी लावलेल्या दुर्बिणीतून पाहिले, तर त्या विशाल बिंबावर शाईचा एक बारीक ठिपका दिसला.