लाज नव्हे, माप विचारा

माझ्या नात्यातील एका काकांना पोटदुखीसाठी फॅमिली डॉक्टरांकडे नेले होते. "दारू घेता का?" डॉक्टरांनी विचारले. "कधीतरी," काका म्हणाले. आम्लपित्ताच्या गोळ्या मिळाल्या. दोन वर्षांनी कावीळ झाली, तेव्हा उलगडा झाला की 'कधीतरी' म्हणजे रोज रात्री एक क्वार्टर. दोष डॉक्टरांचा नव्हे, प्रश्नाचा होता, असे माझे मत आहे.

हा प्रश्न कसा विचारावा, यावर जगात पुष्कळ विचार झाला आहे. १९६८ साली अमेरिकेत डॉ. जॉन युइंग यांनी 'केज' ही चार प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. पिणे कमी करावे असे कधी वाटले का? लोक त्यावरून बोलले म्हणून राग आला का? अपराधी वाटले का? सकाळी उठल्याबरोबर घ्यावी लागली का? दोन 'होय' आले की डॉक्टरांनी सावध व्हावे. १९८९ साली जागतिक आरोग्य संघटनेने 'ऑडिट' ही दहा प्रश्नांची, ४० गुणांची प्रश्नावली दिली. तीत आठ वा अधिक गुण म्हणजे धोक्याची सूचना.

'केज' सुटसुटीत खरी. पण ती किती घेता, हे विचारतच नाही. ती मुख्यतः मनाला लागलेली टोचणी विचारते. आपल्याकडे मात्र शिमग्याला एकदा घोट घेणाराही अपराधी होतो आणि रोजचा पिणारा निर्ढावलेला असतो. शिवाय व्यसन जडण्यापूर्वीचा माणूस तिच्यातून निसटतो, आणि सावरण्याची वेळ तर तीच!

'ऑडिट'मध्येही अपराधीपणाचा प्रश्न आहे, पण सातवा. पहिले तीन प्रश्न माप विचारतात: किती वेळा, एका दिवशी किती, आणि एका बैठकीत सहा किंवा अधिक पेले कितीदा? तीस मिलिलिटर व्हिस्की म्हणजे एक पेला. म्हणजे काकांची 'फक्त एक क्वार्टर' बरोबर सहा पेल्यांची!

दवाखान्यात रांग असताना दहा प्रश्न कोण विचारणार, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच १९९८ पासून पहिल्या तीन प्रश्नांची छोटी प्रश्नावलीही वापरात आली. पुढे काय, याचे उत्तर शेजारच्या गोव्याने दिले आहे. तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'ऑडिट'ने हेरलेल्या पुरुषांशी, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी संवाद साधला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी त्यांपैकी शेकडा ३६ जण धोक्याबाहेर आले; नेहमीच्याच उपचारांवर राहिलेल्यांत हे प्रमाण शेकडा २६ होते.

धारवाडला मनोरुग्णांसाठी मोठी संस्था आहे. पण तिची पायरी चढण्यापूर्वी माणूस कितीदा तरी गल्लीतल्या डॉक्टरांसमोर बसलेला असतो. तेथेच त्याला त्याच्या बोलीत, नाइंटी-क्वार्टरच्या हिशेबात विचारले पाहिजे. या अंकाचे मराठी व कन्नड असे दोन विभाग आहेत. दोघांनी मिळून, जाणत्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, हे तीन प्रश्न हुबळी-धारवाडच्या बोलीत उतरवले तर? कोणाचे तरी काका वेळेवर खरे बोलतील.