थर्माकोलच्या जागी कयाक हवी
मराठवाड्यातल्या जलाशयांवर आजही थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी टाकणारे मच्छीमार दिसतात. वारा सुटला की तराफा कलंडतो आणि झिजलेल्या थर्माकोलचे कण पाण्यात उरतात. विष्णुपुरी धरणाचे पाणी नांदेड पिते, मांजरा धरणाचे लातूर. म्हणून मच्छीमार संस्थांना अनुदानातून रुंद बुडाची, वर बसायची प्लास्टिकची छोटी होडी, म्हणजे कयाक, आणि लाइफ जॅकेट मिळायलाच हवे. कयाकचे पोट बंद व पोकळ असते. वर आलेले पाणी तिच्यातल्या आरपार भोकांतून निघून जाते. ती महाग आहे, हे खरे, पण वर्षानुवर्षे टिकते. दुष्काळात धरणच आटते, मग नाव कशाला, असेही कोणी विचारेल. २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होतेच. पण पाणी मागे सरते तेव्हा जड होडी चिखलात अडकते. कयाक मात्र दोघे सहज उचलून पाण्यापर्यंत नेतात.