तार तुटली की हात आडवा

नव्या मोंढ्यातल्या एका आडतीवर या आठवड्यात कॉम्प्युटर बसला आणि कळलं की दिवाळीनंतर बॅकअपच झालेला नाही. मालक म्हणाले, "पण बिघडल्याचा मेसेज कुठं आला?" हा प्रश्न या सदरात किती वेळा चघळायचा!

आडतदाराला हसण्याआधी गिटलॅब आठवा. जगभरचे प्रोग्रॅमर जिथं आपला कोड ठेवतात, तिथं ३१ जानेवारी २०१७ रोजी एका इंजिनिअरनं चुकून चालू डेटाबेसच पुसला. हात आवरला तेव्हा ३०० जीबीतले साडेचार उरले होते. बॅकअप शोधले तर जागा रिकामी. डेटाबेस पोस्टग्रेस ९.६, बॅकअप घेणारा प्रोग्रॅम ९.२ चा, काम दर वेळी फसत होतं. फसल्याचे मेलही निघत होते, पण मेल खरंच त्या पत्त्यावरून आला का हे तपासणाऱ्या डीमार्कच्या नियमात बसत नव्हते म्हणून पलीकडचा सर्व्हर ते नाकारायचा. इकडे सगळे निवांत. त्याच इंजिनिअरनं सहा तास आधी भलत्याच कामासाठी घेतलेली प्रत होती, म्हणून निभावलं.

जालन्यावरून पूर्वी जाणारी मीटरगेज ज्यांनी पाहिली, त्यांनी आता तिचे खांबावरचे हाताचे सिग्नल आठवावेत. सिग्नल पडला म्हणजे गाडीला वाट मोकळी. तो पाडायला केबिनमधून तार ओढावी लागे. तार तुटली तर वजनानं हात आपोआप आडवा, गाडी बाहेर उभी. म्हणजे 'पुढे या' सांगायला कष्ट होते, 'थांबा' फुकट होतं. गिटलॅबनं नेमकं उलटं केलं: धोका सांगायला तार लागत होती, आणि तारच तुटलेली.

म्हणून 'काल बिघडलं का' विचारू नका. 'शेवटचा धड बॅकअप किती जुना' हे विचारा. रोज रात्रीचा असेल तर ३० तास उलटताच बोंब व्हावी. बोंब मारणारा दुसऱ्या मशीनवर हवा. शून्य आकाराची फाइल बॅकअप म्हणून मोजायची नाही.

हे कुणी लावायचं? एएमसीवाल्यानं, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार घेणाऱ्यानं. माझा जुना संशय आहे, पुरावा मागू नका: चेक वटला की हे लोक बॅकअपचं फोल्डर उघडतसुद्धा नाहीत. नूतनीकरणाची तारीख चुकली की मात्र यांचा अलर्ट बिनचूक येतो. आधी एसएमएस, मग फोन, मग माणूस दारात. करारात तेवढंच लिहून घ्या. बॅकअपची तारीख चुकली तरी हाच क्रम.