परतीची घाई आणि ३३ मुले

परदेशी सेवायात्रेचे अखेरचे दिवस बहुधा निरोपात आणि सामानाची बांधाबांध करण्यात जातात. अमेरिकेतील दहा बाप्टिस्ट स्वयंसेवकांची हैतीतील यात्रा मात्र २९ जानेवारी २०१० रोजी डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या सीमेवर अटकेने संपली. त्यांच्या बसमध्ये ३३ मुले होती. सर्वांत लहान काही महिन्यांचे, तर मोठी बारा वर्षांची. मुलांना देशाबाहेर नेण्याची अधिकृत परवानगी नव्हती. सीमेपलीकडे काबारेते येथील भाड्याच्या हॉटेलात अनाथाश्रम सुरू करावयाचा, असा बेत होता.

१२ जानेवारीच्या भूकंपाने हैतीची राजधानी पोर्तोप्रँस उद्ध्वस्त झाली होती. हा देश बहुसंख्येने कॅथोलिक. तेथील आर्चबिशप जोसेफ सर्ज मियो त्याच दिवशी मृत्युमुखी पडले, कथीड्रल कोसळले. सरकारी कचेऱ्याच जमीनदोस्त झालेल्या. तेव्हा कागद कोणाकडे मागावयाचे, असे कोणी म्हणेल. परंतु मुलांचा व्यापार होईल या भीतीने सरकारने नेमक्या त्याच आठवड्यांत नियम कडक केले होते. दत्तकविधानासाठी मूल देशाबाहेर न्यावयाचे तर पंतप्रधानांची स्वाक्षरी आवश्यक ठरली होती.

पुढे जे उघडकीस आले ते अधिक बोलके आहे. ही मुले अनाथ नव्हती. त्यांपैकी बरीचशी राजधानीनजीकच्या कालेबास या डोंगराळ गावची. आईवडिलांनी त्यांना स्वतःच्या हातांनी सोपविले होते, कारण शिक्षण मिळेल, खेळावयास मैदान मिळेल आणि आपणांस भेटीस जाता येईल, असे त्यांना सांगण्यात आले होते.

त्या बंधुभगिनींच्या भूतदयेविषयी आम्हास शंका नाही. शंका आहे ती त्यांच्या वेळापत्रकाविषयी. थोड्या दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याला जाण्यापूर्वी काहीतरी पूर्ण करून दाखवावयाचे असते. घरी प्रार्थना करणारी, वर्गणी देणारी मंडळी वाट पाहत असतात. कोणत्या मुलाची मावशी जिवंत आहे, कोणाचा बाप कामाच्या शोधात गेला आहे, याची चौकशी करण्यास महिने लागतात. परतीचे तिकीट तेवढे थांबत नाही. शिवाय भाषाही येत नसली, म्हणजे जो दुभाषी भेटेल त्याच्या शब्दावर सारे चालते!

दारिद्र्य म्हणजे अनाथपण नव्हे. डहाणू-तलासरीकडे मिशनच्या बोर्डिंगमध्ये मुले ठेवणारे आदिवासी आईबाप हे आपल्याला शिकवू शकतील. मूल शिक्षणासाठी दूर राहते, पण सुटी लागली की घरी जाते. ते पाड्याचेच राहते. कालेबासच्या आईबापांची कल्पना याहून वेगळी नसावी. मात्र मधे समुद्रकिनाऱ्यावरचे हॉटेल आणि आंतरराष्ट्रीय सीमा उभी राहिली, की ‘सुटीत घरी’ या शब्दांना अर्थ उरत नाही.

इतक्या वर्षांनी हा विषय काढण्याचे कारण असे, की प्रत्येक आपत्तीनंतर तीच हाक नव्याने ऐकू येते. मार्च २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धाच्या वेळी युनिसेफ आणि संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांना जाहीरपणे सांगावे लागले, की आणीबाणीत अथवा तिच्या लगोलग दत्तकविधान करू नये. आप्तांचा शोध आधी. आमच्या मते धर्मग्रामातून कोणताही गट बाहेरगावी वा परदेशी सेवेस निघाला, तर गटप्रमुखाने निघण्यापूर्वीच तेथील धर्मप्रांताला विचारावे: आम्ही गेल्यावर हे काम कोण पाहणार? उत्तर नसेल तर पैसे पाठवावेत, माणसे पाठवू नयेत. हे मत कित्येकांस रुचणार नाही, विशेषतः आमच्या युवकांना.

अटकेतील आठ जणांची सुटका १७ फेब्रुवारीस झाली. गटप्रमुख महिलेवरील अपहरणाचा आरोप टिकला नाही. परंतु बेकायदा प्रवासाची व्यवस्था केल्याबद्दल १७ मे रोजी तिला दोषी ठरविण्यात आले, आणि भोगलेली कैद हीच शिक्षा धरून सोडण्यात आले. आंतरदेशीय दत्तकविधानाविषयीचा १९९३ चा हेग करार भारताने २००३ मध्ये, तर हैतीने २०१३ मध्ये मान्य केला. मुलांना एसओएस बालग्रामात ठेवले होते. तेथून आईवडिलांनी बहुतेकांना घरी नेले, त्याच डोंगरावर, त्याच दारिद्र्यात. त्या घरांना काय हवे आहे, हे त्या अखेरच्या दिवसांत कोणी विचारले होते काय?